स्टेट कॉलेजमधलं गाऱ्हाणं

मी अमेरिकेत तीन महिने राहून आले आणि नायगारा पाहिला नाही. वेंगुर्ल्यात हे सांगायची सोय नाही. बाजारात, बँकेत, देवळाच्या पायरीवर, भेटेल तो पहिलं तेच विचारतो, "बाई, नायगारा कसा काय?" मी "राहिला" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग माझी कीव केल्यासारखं म्हणतात, "असू दे, पुढच्या खेपेला." पुढची खेप कुठली आलीय? शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी, म्हणजे १९८८च्या ऑगस्टात, मुलाने, अविने, हट्टाने तिकीट पाठवलं म्हणून गेले. नायगारा का राहिला हे प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

न्यूयॉर्क, विमानतळ

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाय सुजले, एवढंच. पण उतरल्यावर कस्टमच्या माणसाने माझी पेटी उघडली आणि पितळेचा डबा बाहेर काढला. डब्यात सोडे होते. सोलून वाळवलेली कोलंबी, आमच्या बंदरावरची, खास अविसाठी घेतलेली. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि दोन पावलं मागे गेला. मी तीस वर्षं मुलांना जे इंग्रजी शिकवलं त्यात म्हटलं, "सुकी मासळी आहे, मुलासाठी." त्याने दोन्ही हातांनी झाकण घट्ट दाबलं आणि डबा अगदी आदराने परत दिला. म्हणाला, "मॅडम, मुलगा नशीबवान आहे." थट्टा होती की खरं, ते त्या लोकांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

स्टेट कॉलेज

अविच्या गावाचं नावच कॉलेज. विद्यापीठ उचलून नेलं तर मागे एक पोस्ट आणि दोन पिझ्झाची दुकानं उरतील. चोहोबाजूंनी हिरव्या टेकड्या, रस्ते धुतल्यासारखे, आणि बस ठरल्या मिनिटाला येते. आमच्या एस.टी.ची सवय असलेल्या बाईला त्याने उलट घाबरायलाच होतं. आपल्याकडच्या वस्तू एका दुकानातल्या एका फळीवर मिळत. तिथली हळद मी हुंगून पाहिली, ती माझ्या निवृत्तीच्या आधीपासून तिथे असावी.

अवि पीएच.डी. करतो. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्याच्याबरोबर टिन नावाचा मुलगा राहतो, रंगूनचा. अविने पत्रात "रूममेट चांगला आहे" एवढंच कळवलं होतं. रंगूनचा आहे हे कळवलं नव्हतं. आईचं बालपण कुठे गेलं हे मुलांच्या लक्षात कशाला राहील?

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सोड्यांचं कालवण केलं. नारळ डब्यातला, कोकम आपलं. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, भिंतीत कुठे उंदीर मेलाय का. अवि शरमेने लाल झाला आणि खिडक्या उघडत सुटला. तेवढ्यात दार उघडून टिन आत आला. बारीक, चष्मा लावलेला, हातात बूट. तसाच उभा राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "नापी."

नापी म्हणजे ब्रह्मी लोकांची आंबवलेल्या मासळीची चटणी. तो शब्द मी सेहेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. आणि मी विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "थमिं सा पीबी ला?"

जेवलास का. तिकडेही भेटल्यावर पहिलं हेच विचारतात, आपल्यासारखं. अमेरिकेत "कसे आहात" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जातात. टिनने बूट खाली ठेवले, खुर्चीत बसला आणि चष्मा काढून डोळे पुसू लागला. अवि आळीपाळीने आमच्याकडे पाहत राहिला.

माझं ब्रह्मी अकरा वर्षांच्या मुलीचं आहे. मला 'खाऊ दे', 'तो मला मारतो', 'पतंग फाटला' एवढं येतं. लिहिता-वाचता मुळीच येत नाही. माझे वडील रंगूनला भाताच्या गिरणीत हेडक्लार्क होते. महायुद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा त्यांनी आईला आणि मला बोटीवर बसवलं. गिरणीच्या किल्ल्या साहेबाच्या हातात द्यायच्या होत्या, म्हणून स्वतः मागे राहिले. म्हणाले, पंधरा दिवसांत येतो. किल्ल्या दिल्या की नाही कोण जाणे. डोंगरातून चालत निघालेल्या लोकांत त्यांना कुणीतरी पाहिलं म्हणतात. पुढे काही नाही. आईने किती सरकारी कचेऱ्यांना पत्रं लिहिली, त्याचा हिशेब नाही. उत्तर एकच आलं, छापील: आपल्या पत्राकडे योग्य ते लक्ष पुरविण्यात येत आहे. तो कागद आईने देव्हाऱ्यात ठेवला होता. वडिलांची तिथी माहीत नाही, म्हणून आम्ही त्यांचं सर्वपित्रीला करतो.

हे मी टिनला सांगितलं आणि त्याने मला त्याच्या बहिणीचं सांगितलं. खिन मिया, त्याच्याहून चार वर्षांनी लहान, डॉक्टरी शिकणारी. आईवडील नाहीत, दोघंच. त्या ऑगस्टात रंगूनच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली होती. विद्यार्थी, भिक्खू, नर्सेस, अगदी सरकारी कारकूनसुद्धा. हातात फक्त फलक. मागणी काय, तर लष्कर पुरे, आता आम्हाला निवडणुका द्या. खिन मियाचं एक पत्र आलं होतं, त्यात तिने लिहिलं होतं, दादा, सगळं शहर रस्त्यावर आहे आणि कुणी कुणाला ढकलत नाही. ते वाक्य टिनने मला तीनदा वाचून दाखवलं.

सप्टेंबरात एके दिवशी लष्कराने रेडिओवरून जाहीर केलं, आता कारभार आम्ही पाहणार. आणि रस्त्यावरच्या पोरांवर गोळ्या घातल्या. पेपरात बातमी आली, आतल्या पानावर, गाद्यांच्या सेलच्या जाहिरातीशेजारी. टीव्हीवर सेऊलचं ऑलिंपिक चाललं होतं आणि उरलेल्या वेळात अध्यक्षाची निवडणूक. टिन रोज सकाळी लॅबला जायच्या आधी फोन लावायचा. ऑपरेटर गोड आवाजात सांगायची, त्या देशाच्या लाइन्स लागत नाहीत, सर. तो "थँक यू" म्हणायचा. मला वाटायचं, अरे, एकदा तरी फोन आपट.

वॉशिंग्टन

नायगाराला जायचं ठरलं होतं. अविने मित्राची गाडी शुक्रवार ते रविवार मागून ठेवली होती. मी म्हटलं, "गाडी वॉशिंग्टनला ने."

"आई, नायगारा कॅन्सल केलं तर परत चान्स नाही. माझी एक्झाम आहे, मग थंडी पडेल."

"पाणी काय, पडतच राहणार आहे. टिनला तिथे कुणाला तरी भेटू दे."

अविने नकाशा पुढे ओढला. मग म्हणाला, "तू ना, ऐकायची नाहीस." आणि नकाशा उलटा करून दुसरा रस्ता शोधू लागला. माझा मुलगा चांगला आहे. फक्त त्याला चार वेळा सांगावं लागतं.

आदल्या दिवशी टिनने फलकांसाठी पांढऱ्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलने बहिणीचं नाव लिहिलं, वर इंग्रजीत, खाली ब्रह्मीत. रंग भरायचं काम माझ्याकडे. ब्रह्मी अक्षरं सगळी वाटोळी, जिलब्या घातल्यासारखी. खिन मियाची वळणं मी जाड पेनने तीन पुठ्ठ्यांवर इतक्या वेळा गिरवली की हाताला पाठ झाली. वाचता येत नव्हतं, पण नाव दिसलं की ओळखता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही एका लोकप्रतिनिधीच्या कचेरीत गेलो. टिनने आधी पत्र लिहून वेळ घेतली होती. गालिचा इतका मऊ की चपलांचा आवाज होईना. अविच्या वयाची एक मुलगी बाहेर आली. फार छान वागली, हे कबूल केलं पाहिजे. कॉफी दिली, टिनचं पूर्ण ऐकून घेतलं, नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे फोटो आहेत का? टीव्हीवर आम्ही काही पाहिलं नाही."

टिन म्हणाला, "कॅमेरेवाल्यांना ते येऊ देत नाहीत."

"तेच अवघड आहे," ती म्हणाली, आणि खरंच तिला वाईट वाटलं होतं. "चित्र नसलं की लोकांना सांगणं अवघड जातं." उठताना तिने हात मिळवला आणि ते वाक्य म्हणाली. आमच्या पत्राकडे योग्य ते लक्ष पुरवलं जाईल.

इंग्रजीत होतं, पण तेच होतं. आई देव्हाऱ्यासमोर तो कागद उलगडून बसायची ते डोळ्यांपुढे आलं, आणि मी त्या गोड मुलीला म्हणाले, "बाळ, हे मी लहानपणी वाचलंय." तिला काही कळलं नाही. ती हसली.

दुपारी ब्रह्मदेशाच्या वकिलातीसमोर ते फलक घेऊन उभे राहिलो. पंधरा-वीस माणसं, बहुतेक ब्रह्मी, एक अमेरिकन म्हातारे पाद्री आणि नऊवारी गुंडाळून वर अविचं जाकीट घातलेली मी. पत्रकं वाटायची होती. लोक थांबत, "थँक यू" म्हणून कागद घेत, व्यवस्थित घडी घालत आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत. एकानेही कागद रस्त्यावर टाकला नाही. आमच्याकडे कुणीतरी उभं राहून भांडलं असतं, कुणी म्हटलं असतं लष्करच बरं, कुणी शेंगदाण्यांसाठी कागद मागून घेतला असता. निदान माणसं जागी आहेत हे तरी कळलं असतं. इथे सगळं इतकं सभ्य चाललं होतं की मला ओरडावंसं वाटलं. टिन मात्र प्रत्येकाला मान लववून पत्रक देत होता, जणू लग्नाची आमंत्रणं वाटतोय.

परतताना वाटेत हर्नडन गावी अविच्या मित्राकडे जेवलो. त्याने विचारलं, "काकू, वॉशिंग्टनमध्ये काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, एक गालिचा आणि एक कचऱ्याचा डबा.

शाळेचा हॉल

महाराष्ट्र मंडळाचा गणपती आमच्यापासून दीड तासावर होता. चतुर्थी कधीच उलटून गेली होती, पितृपक्ष चालू होता, पण शाळेचा हॉल पुढच्या आठवड्यातल्या शनिवारीच रिकामा मिळाला. तिकडे देव हॉलच्या सोयीने येतो. मला हसूही आलं आणि भरूनही आलं, कारण चौरंगावरची ती वीतभर मूर्ती कुणीतरी विमानात मांडीवर घेऊन आणली होती.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर देवधर, मूळ पुण्याचे, वीस वर्षांपासून तिकडे. त्यांना मी आधीच फोन केला होता. म्हटलं, आरतीनंतर दोन मिनिटं द्या, टिन बहिणीच्या शोधासाठी सरकारला लिहिलेला एक अर्ज वाचेल, लोक सह्या करतील.

"बाई, तुमची भावना मी समजतो," ते म्हणाले, "पण मंडळात पॉलिटिक्स नाही, हा आमचा नियम आहे. अहो, इथे निम्म्या पोरांचे व्हिसाचे प्रश्न. कशाला उगीच? आणि ब्रह्मदेशाशी आपला काय संबंध?"

मी म्हटलं, "माझे वडील तिथे आहेत." ते गडबडले. "आहेत म्हणजे?" मी फोन ठेवला. ठेवायला नको होता, पण मी तशीच आहे.

तासाभराने त्यांचाच फोन आला. पाहुणा रागावला की पाहुणचार वाढतो, तसं झालं होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही कोकणातल्या. तुमच्याकडे ते गाऱ्हाणं घालतात ना? आमच्या इथल्या मुलांनी कधी पाहिलं नाही. तुम्ही घाला. कल्चरल आयटम होईल छान."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पूजेनंतर घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही. हे काम पुरुषांचं. पण रंगूनच्या घरात वडील घालायचे ते मला पाठ होतं, आणि त्या हॉलमध्ये तळकोकणातली मी एकटीच. मी म्हटलं, घालते.

आरती झाली. मुलांना पुढे बसवलं. डॉक्टरांनी माइकवरून समजावून सांगितलं, काय म्हणायचं ते. मुलं इंग्रजीत कुजबुजली, हसली. टिन मागे अविशेजारी उभा होता, स्वच्छ शर्ट घालून. मी पदर खोचला, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां सातासमुद्रापलीकडे येवन तुझी सेवा करतत, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला. मुलांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"काय चुकलामाकला आसात तां पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पोरांका परीक्षेत येश दी, कोणाचा ग्रीन कार्ड आडकला आसात तां सोडय रे म्हाराजा."

हशा पिकला. डॉक्टरही हसले. "व्हय म्हाराजा."

"आणि आमच्यात एक पोरगो आसा, टिन त्याचा नाव. त्याची बहीण खिन मिया रंगूनाक आसा. हातात काठी नाय, दगड नाय, नुसतीच रस्त्यार चालत होती. लष्करान गोळये घातल्यान. ती खंय आसा कोणाक म्हायत नाय आणि कोण इचारणाय नाय. तिका जिती ठेव, तिची खबर दी रे म्हाराजा."

मोठी माणसं गप्प झाली. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, संपलं, हेही वॉशिंग्टनच झालं. आणि मुलं ओरडली, "व्हय म्हाराजा." त्यांना मालवणी कळलं नव्हतं, काही नाही. बाई थांबली की ओरडायचं, एवढं त्यांना सांगितलेलं. पण ती ओरडली. मग मागून एका बाईचा आवाज आला, मग अविचा, मग सगळ्यांचा. देवाला नाही कसं म्हणायचं? मी शेवटचं मागणं घातलं. "ज्येंका इचारला आणि ज्येंनी तोंडा फिरवल्यानी, त्येंका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." त्यात डॉक्टर देवधरही होते. त्यांचे ओठ मी पाहिले.

टिनला एकही शब्द कळला नव्हता, फक्त बहिणीचं नाव. एवढ्या माणसांनी त्या नावानंतर काय म्हटलं, ते त्याने अविला विचारलं. अविने सांगितलं, "त्यांनी होय म्हटलं." टिन म्हणाला, अमेरिकेत आल्यापासून तिच्यासाठी पहिल्यांदाच कुणी होय म्हटलंय.

प्रसादाच्या रांगेत काहींनी अर्जावर सह्या केल्या, काही दुसऱ्या दाराने गेले. डॉक्टर जवळ आले. म्हणाले, "बाई, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत." मी म्हटलं, "नाही केलं." त्यांनी शिऱ्याचा डबा भरून माझ्या हातात दिला. सही केली नाही. मला त्यांचा राग आला नाही, का ते सांगता येत नाही.

वेंगुर्लं

निघायच्या दिवशी टिनने एक पाकीट दिलं. रंगूनला बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या त्याच्या मानलेल्या मावशीला पत्र. अमेरिकेतून गेलेली पत्रं तिकडे फोडतात म्हणे, पण वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्या मास्तरणीचं पत्र कोण फोडणार? पाठवणारी म्हणून माझं नाव, माझा पत्ता. विमानतळावर तो पाया पडला. मी नको म्हटलं तरी पडला. मी विचारलं, थमिं सा पीबी ला? तो म्हणाला, जेवलो, आई.

नोव्हेंबरात मी ते पोस्टात टाकलं. तेव्हापासून आमच्या पोस्टमनचा आणि माझा रोजचा एकच संवाद. "बाई, परदेशी काय नाय." आई ज्या खांबाला टेकून वाट पाहायची, तिथेच मी उभी राहते, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. मी तिच्यावर लहानपणी चिडायचे. म्हणायचे, आता कोण येणार आहे? माझ्या आईची मी माफी मागितली नाही, ते राहिलं. नायगारा राहिला त्याचं मला काही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. पातळ कागद, एकच पान, दोन्ही बाजूंनी वाटोळी अक्षरं. मला एकही ओळ वाचता येत नाही. पण मी चष्मा लावून एकेक जिलबी पाहत गेले आणि ते नाव सापडलं. दोनदा. दोन्ही वेळा मधल्या ओळींत. शेवटी सही आहे तिथे दुसरंच काही आहे. म्हणजे पत्र खिन मियाने लिहिलेलं नाही. कुणीतरी तिच्याविषयी लिहिलं आहे. ती बरी आहे, असं असेल. किंवा नसेल.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून आधी सगळं पान मी हाताने उतरवून घेतलं. दोन दिवस लागले. काय लिहिते आहे ते न कळता लिहीत होते, आणि तिच्या नावाशी आले की हात आपोआप चालायचा. मग मूळ पत्र टिनला रजिस्टरने पाठवलं. तिकडे पोचायला बारा दिवस लागतात. आज सहावा आहे.

आज सकाळी देव्हाऱ्यासमोर मी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, फक्त तिच्यापुरतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं.